मागच्या चाकावरचं वजन

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गिरणीवरून भात भरडून आणणं. मागल्या वर्षीची गोष्ट. दसरा होऊन गेला होता, दिवाळी यायची होती, झोडणी आटपली होती. चार पोती भात जीपमध्ये मागं टाकलं, त्या पोत्यांवर ही बसली आणि आम्ही पोलादपूरला गेलो. पुढं माझ्या शेजारच्या शिटावर माझी छत्री होती. त्या दिवशी त्यात काही वेगळं वाटलं नाही. छत्री पुढं, बायको मागं.

गिरणीवाला बडबड्या माणूस. भात भरडून तांदूळ काट्यावर चढला, उतरला, तशी तो हिला म्हणाला, वैनी, तुम्ही पण उभ्या ऱ्हावा, बघू कोण भारी. ही लाजली, पण चपला काढून काट्यावर उभी राहिली. पदर तोंडाला लावून हसत होती. काट्यानं अडतीस किलो दाखवलं. गिरणीवाल्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "दादा, पोतं पन्नासाचं भरलंय. वैनीला जेवायला घालतोस का नाय?" तिथं दोन-तीन गडी बसले होते, ते हसले. मीही हसलो.

मग पोती गाडीत चढवली. कोंड्याचं एक वेगळं. मी इंजिन चालू केलं. ही मागं न जाता माझ्या बाजूला आली आणि पुढच्या दाराला हात लावून उभी राहिली. खालच्या आवाजात म्हणाली,

"आता तर मातीचा उतारच हाय. फुडं बसू काय?"

खरं होतं तिचं. पोलादपूरहून खिंडीपर्यंत डांबर आहे. चढ आहे, पण डांबरावर चाक कशाला घसरतंय. खिंडीतून खाली आमच्या वाडीपर्यंत माती, तिथं येताना उतार. मागं तांदळाची पोती होतीच. तिच्या अडतीस किलोचं गाडीला काही काम नव्हतं. ते गडी बघत होते. मी म्हणालो,

"मागं वजन लागतं. बस जा."

दोन मिनिटांपूर्वी ज्यांनी काट्यावरचा आकडा बघितला होता त्यांच्याच देखत म्हणालो. गिरणीवाला पट्ट्याकडं वळला आणि उगाच पट्टा चाचपू लागला. ही मागं गेली. लुगडं गुडघ्यापर्यंत धरून, दांडीला हात घालून, एक पाय वर टाकून चढली. तिचे गुडघे तेव्हा दुखत होते, सांधेवाताचं तेल मीच बाजारातून आणत होतो, म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. मी खाली उतरून हात दिला नाही. आरशात बघितलं, ती बसली असं दिसलं आणि गिअर टाकला.

आता परत तेच दिवस आलेत. खालच्या वाफ्यात भात पिवळं पडलंय. कापलेल्या भाताचा वास सकाळी दंवाबरोबर जास्त येतो, ऊन चढलं की कमी होतो. वाडीत माणसंच उरली नाहीत तर कापणीला कोण असणार. तरणी सगळी मुंबईला. आम्ही पाच-सहा म्हातारे एकमेकांच्या वाफ्यात फिरतो. आज माझं, उद्या धोंडूआण्णाचं. दुपारी पेजेला बसलो की सगळे गप्प असतात. आधी या वेळेला हिचं बोलणं चालायचं. विळ्याला धार नाय, भारा सैल बांधला, पेंढ्यांत दाणा ऱ्हायला. कटकट वाटायची मला. आता भारा सैल सुटतो, दाणे वाटेवर सांडतात आणि कुणी काही म्हणत नाही.

मी शाळेत चौथीपर्यंत गेलो. गाडीचं जे शिकलो ते गाडीत शिकलो. ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढं मला कळत नव्हतं असं माझ्या बाजूनं कुणाला म्हणता येऊ नये.

जीपचं इंजिन पुढं. म्हणजे जड अंग पुढं. पण आमची जीप रेटतात ती मागची चाकं. रिकामी जीप म्हणजे डोकं जड आणि पाय हलके. सपाटीला काही कळत नाही. चढाला, त्यात चिखल असला, की मागची चाकं जागच्या जागी गरगरतात. ॲक्सिलेटर जितका दाबाल तितका चाक खड्डा खणतं. तुम्हाला वाटतं गाडी जोर करतेय, ती नुसती माती उडवत असते. मग मागं वजन घालायचं. चाक जमिनीला दाबलं गेलं की धरतं, धरलं की गाडी निघते.

वजनालाही जागा असते. ते चाकाच्या बरोबर वर पाहिजे. मागच्या फळीवर चार जण लोंबकळले की चाक धरतं खरं, पण गाडीचं नाक उचलतं. स्टेअरिंग हलकं होतं, तुम्ही वळवता आणि गाडी सरळ जाते. माझा बाप बैलगाडी भरायचा तेव्हा हेच सांगायचा. मागं जड झाली की जू वर उचलतं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. पुढं जड झाली की बैलाची मान मोडते. मधोमध भर, म्हणायचा, आणि जू हातानं उचलून बघायचा.

गाडी स्वतःचं वजन स्वतःही हलवते. क्लच दमानं सोडला की बॉनेट जरासं वर येतं आणि गाडी मागं दबते, उठायच्या आधी बैल मागल्या पायावर जोर घेतो तशी. त्या क्षणाला चाकाला धरायला मिळतं. हिसका दिला तर ते सुटतं. ब्रेक मारला की उलट, सगळं वजन नाकावर. आणि वजन फार भरलं तर चाक धरतं पण गाडी पळत नाही. बारा माणसं घेऊन पाचाडचा चढ चढताना दुसऱ्या गिअरला रडायची, आणि तीच गाडी रिकामी असली की महाडच्या डांबरावर अशी सुटायची की मान मागं जायची.

म्हणजे वजन पाहिजे तिथं, पाहिजे तेवढं आणि पाहिजे तेव्हाच. हे सगळं मला पंचविशीतच पाठ होतं.

जीप घेतली त्या वर्षीही असेच कापणीचे दिवस होते. सेकंडहँड गाडी, हूडाला चार ठिगळं. वाडीत पहिलीच गाडी, त्यामुळं नारळ फोडायला सगळी वाडी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज कडाडून पाऊस पडला आणि सकाळी गाडी खिंडीच्या चढाला अडकली. खिंडीची चढण म्हणजे फार नाही, बैठ्या घरांची एक आळी मावेल एवढी लांब. पण मधे एक वाकडं वळण आहे, आम्ही वाकण म्हणतो, तिथं पाणी मुरतं. चाकं फिरायला लागली. ही पाटी घेऊन मागून येत होती, तिनं पाटी खाली ठेवली आणि गाडीला खांदा लावला. चाकानं उडवलेला सगळा चिखल तिच्या अंगावर. नुसते डोळे दिसत होते. मी ओरडलो, ढकलू नको, मागं चढून चाकावर बस. ती चढली, बसली आणि गाडी सुटली.

वर खिंडीत गाडी थांबवली तेव्हा ती त्या चिखलातच हसत होती. म्हणाली, "बघितलंत? माझ्याबिगर चढत नाय तुमची गाडी."

तिला त्याचा अभिमान होता, हे लिहायलाच मला जड जातं. माहेरी जाऊन सांगायची. शेजारणींना सांगायची. आमची जीप माझ्याबिगर चढत नाय. तेव्हा ते खरं होतं. त्या वाकणापुरतं, त्या चिखलापुरतं खरं होतं. मी ते खरं उचललं आणि सगळीकडं लावलं. खिंड संपून डांबर लागलं तरी ती मागंच. पोलादपूर ते महाड हायवेला, जिथं कप ठेवला तर चहा हिंदकळणार नाही, तिथंही ती मागं. उन्हाळ्यात, रस्ता भाकरीसारखा कोरडा असताना मागं. कुणी विचारलं तर मी सांगायचो, मागं वजन लागतं. आणि ती मान डोलवायची.

खरं कारण महाडच्या स्टँडवर होतं.

मी महाड–नाते–पाचाड लाइनला गाडी चालवायचो. एसटी डेपोच्या बाहेर आमचा अड्डा. आठ-दहा ड्रायव्हर. गडावर जाणारी माणसं, बाजाराला आलेल्या बाया, कोर्टात तारीख असलेले गावकरी, सगळे तिथून भरायचे. ड्रायव्हरच्या शेजारची शीट मानाची. तिथं मास्तर, तलाठी, सरपंच, फार तर मुंबईहून आलेला चाकरमानी. बाया मागं. हा काही कुणी लिहिलेला नियम नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती.

आमच्यात गणपत म्हणून एक होता, वयानं माझ्याहून लहान. त्याचं लग्न झालं आणि तिसऱ्या दिवशी तो बायकोला पुढच्या शिटावर बसवून स्टँडवर आला. ती बिचारी हिरव्या चुड्यात, मान खाली घालून. सगळे बघत राहिले. मी तिथं चहा पीत होतो. मी मोठ्यानं म्हणालो, "गणपत, गाडी वैनीच चालवणार वाटतं. तू क्लीनर काय?"

स्टँड हसायला लागला. तेव्हापासून गणपतला बायकोचा क्लीनर म्हणायला लागले. पार म्हातारा होईपर्यंत. ते नाव मी ठेवलं. गणपत हसण्यावारी न्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी परत तिला पुढं घेऊन यायचा. त्याला चिडवून चिडवून आम्हीच दमलो. पण मी अडकलो ना. ज्यानं नाव ठेवलं त्यानं स्वतःच्या बायकोला पुढं कसं बसवायचं. माझ्या जिभेनं एका घटकेची मजा केली आणि तिची भरपाई ही तीस वर्षं मागं बसून करत राहिली. तिला ते कधी माहीत झालं की नाही, मला कळलं नाही. विचारायची लाज वाटली.

जीपच्या मागं दोन बाजूंना दोन बाकडी असतात, माणसं एकमेकांकडं तोंड करून बसतात. समोरचं काही दिसत नाही. दिसतो तो मागं पळणारा रस्ता, तोही हूड वर असला तर. पावसात हूडाचे पडदे सोडले की आत डिझेलचा वास आणि अंधार. मी एकदा गंमत म्हणून तिला विचारलं होतं, नाते गाव कुठून सुरू होतं सांग बघू. तिला सांगता येईना. ती म्हणाली, नाते गेलं की मला कळतं नाते होतं म्हणून. मी ते स्टँडवर सांगून हसवलं. आता वाटतं, ती तीस वर्षं या भागात फिरली आणि तिनं कुठलंच गाव येताना बघितलं नाही. सगळी गावं जाताना बघितली.

आणि चाकावरची जागा म्हणजे सगळ्यात जास्त आदळणारी. खड्डा आला की चाक उडतं आणि वर जो असेल तो उडतो. तिला गाडी लागायची. कोकमाचं आमसूल तोंडात धरून बसायची, कमरेला एक पिशवी खोचलेली. एकदा पाचाडला माझ्या मावसभावाच्या घरी लग्न होतं. हिनं चांगलं लुगडं नेसलेलं. निघालो तेव्हा पुढची शीट रिकामी. नाते गावात एक ओळखीचा तलाठी हात दाखवत उभा होता, त्याला मी पुढं घेतला. ही मागं, आहेराची भांडी सांभाळत. वळणं सुरू झाली आणि तिला ओकारी आली. पिशवी वेळेवर मिळाली नाही.

तलाठ्यासमोर माझी शोभा झाली असं मला वाटलं. पाचाडला उतरल्यावर मी तिला बाजूला घेऊन बोललो. लोकांच्या गाड्यांत बायका ओकत नाहीत, म्हणालो. ती विहिरीवर पदर धूत होती. वर न बघता म्हणाली,

"लोकांच्या बायका फुडं बसतात."

एवढंच. पदर पिळला आणि मांडवात गेली. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. तिनं त्यानंतर पुढं बसायचं नाव काढलं नाही. काढलं ते थेट गिरणीवर, गेल्या वर्षी, आणि तेव्हाही मला सोपं जावं म्हणून कारण देऊन विचारलं. मातीचा उतारच हाय. तीस वर्षं मी वजनाची भाषा केली, तर तिनंही शेवटी मला माझ्याच भाषेत विचारलं. तिला गाडीचं सगळं कळत होतं. कुठं वजन लागतं, कुठं नाही, हे तिच्याइतकं कुणाला कळणार. ती स्वतःच ते वजन होती.

या वर्षी पंधरा दिवसांपूर्वी सुनी आली होती. सुनी माझी मुलगी, महाडला दिलीय, चवदार तळ्याच्या मागच्या आळीत राहते. जावयानं नवी गाडी घेतलीय, तीच घेऊन आले. सोबत नात. जाताना मी दोन पोती तांदूळ दिला. आदल्या रात्री पाऊस झालेला, त्यामुळं वाकणात गाडी अडली. चाकं फिरायला लागली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं आता या नव्या गाडीला म्हातारा लागणार. मी पुढं झालो आणि म्हणालो, तांदूळ मागं आहेच, पोरीला आणि सुनीला पण मागं बसवा, मी मागच्या बाजूला उभा राहून दाबतो. जावई काही बोलायच्या आत मी डिकीवर दोन्ही हातांनी अंग टाकलं. गाडी आणखी घसरली. पार कडेच्या दगडी गडग्यापर्यंत मागं आली, तेव्हा जावई उतरला. चांगला मुलगा आहे, आवाज चढवत नाही. म्हणाला, आबा, ही गाडी पुढच्या चाकांनी ओढते. तुम्ही मागं दाबलं की पुढचं हलकं होतंय.

मग त्यानं डिकीतली पोती काढून पुढच्या शिटासमोर पाय ठेवायच्या जागेत घातली, सुनीला पुढं बसवलं आणि गाडी चढवली. मी मागून चालत खिंडीत गेलो. चालता चालता मनात आलं, या गाडीत ती पुढं बसली असती. आणि लगेच दुसरं आलं, की तिथंही मी तिला वजन म्हणूनच बसवलं असतं. माझ्या हातून तिला नुसतंच पुढं बसवणं झालं असतं असं मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

वर पोचलो तर सुनी नातीला चढण दाखवत होती. आबांची जीप आजीशिवाय चढायचीच नाय, म्हणत होती. आजी मागं बसायची, तेव्हा कुठं चाक धरायचं. आजी होती म्हणून आबांचा धंदा चालला. पोर डोळे मोठे करून ऐकत होती. सुनीचे डोळे भरले होते. तिच्या आईची ती एकच मोठेपणाची गोष्ट आहे तिच्याजवळ, आणि ती तिला आईकडूनच मिळालीय.

मला सांगायचं होतं. सुने, तसं नाय गो. तुझी आई या वाकणापुरती लागायची. बाकी सगळा रस्ता ती मागं बसली ती माझ्या स्टँडवरच्या अब्रूपायी. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, घाटात सावकाश जा. ती गाडीत बसली. गेली. तिला अजून सांगितलेलं नाही. बोलायला गेलो की तोंडाला दुसरंच काही येतं, म्हणून लिहितोय. लिहिलेलं बदलत तरी नाही.

गणपत भेटायला आला होता, गेल्या वर्षी, हिच्या तेराव्याच्या आधी. त्याची बायको आता चालू शकत नाही, तरी तिला घेऊन आला. गाडीतून तिला दोन्ही हातांनी उतरवलं. मला वाटलं आज तो मला काहीतरी ऐकवेल, त्याचा हक्क होता. त्यानं तंबाखू मळली, अर्धी मला दिली. वैनी चांगली होती रे, म्हणाला. मी म्हणालो, गणपत, ते क्लीनरचं मी बोलायला नको होतं. त्यानं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. मग हसला आणि म्हणाला, "येडा हायस. मला बरंच झालं. ते नाव पडल्यावर मला कुणाची भीती उरली नाय."

त्यानं मला माफ केलं असेल की नाही, मला माहीत नाही. पण ज्याला मी हसलो तो सुटला आणि हसणारा बांधला गेला, एवढं त्या दिवशी मला कळलं. आणि माझ्यासोबत ती बांधली गेली, जी कुणाला हसलीच नव्हती.

त्या गिरणीच्या दिवशी घरी आल्यावर आम्ही दोघांनी पोती उतरवली. पोतं माझ्या पाठीवर द्यायला ती मागून रेटा देत होती. तिचा रेटा नेहमीपेक्षा हलका लागत होता, ते मला कळलं. तिनं नवा तांदूळ थोडा शिजवला. भात मऊ झाला, नवा तांदूळ पाणी धरतो. ती म्हणाली थोडा जुना मिसळायला पाहिजे होता. मी म्हणालो बरा हाय. तेवढंच बोललो. तिला दमायला झालं होतं, लवकर निजली. रात्री ढग गडगडले, पाऊस झाला, मला झोपेत ऐकू आलं. पहाटे मी उठलो तर ही उठलेली नव्हती. मी हाक मारली, पुन्हा मारली, वैतागून मारली. मग हात लावला.

शेजारच्या बाया जमल्या. धोंडूआण्णाची बायको तिच्याजवळ बसली. सुनीला कळवायचं होतं आणि वाडीत फोनला रेंज नसते. रेंज खिंडीत. आणि सुनीला आणायलाही कुणीतरी जायला पाहिजे, एसटी दुपारशिवाय नाही, गाडी माझीच एकट्याची. धोंडूआण्णा म्हणाला, तू बस घरात, कुणाला तरी चालत पाठवू. मी म्हणालो, मी जातो. तो म्हणाला, मग थांब, मी येतो मागं बसायला. रात्री पाऊस झालाय, रिकामी चढायची नाय तुझी गाडी.

मी नको म्हणालो. त्यानं फार आग्रह केला नाही.

तांदूळ घरात होता, पण तो तिच्या उशाजवळच्या कोपऱ्यात रचलेला होता. बायांच्या मधून जाऊन तिच्या डोक्यावरून पोती ओढायला माझे हात उठले नाहीत. रिकामीच गाडी काढली. वाकणात आलो, आणि व्हायचं तेच झालं. मागची चाकं फिरायला लागली. मी आरशात बघितलं. सवय. मागं दोन्ही बाकडी रिकामी. मी इंजिन बंद केलं.

खाली उतरलो. वाकणाच्या कडेला शेताचा गडगा आहे, नुसते दगड एकावर एक रचलेले, माझ्या बापाच्या हातचे. पाऊस त्यांच्यावरून निथळत होता. मी एक दगड काढला. उचलून मागं नेला आणि चाकाच्या वर, बाकड्याखाली ठेवला. मग दुसरा. जड नव्हते फार, या वयात मला एकट्याला उचलता आले. सहा ठेवले. हात चिखलानं भरले, ते धोतराला पुसले.

पहिला गिअर टाकला. क्लच हळू सोडला. बॉनेट जरासं वर आलं, गाडी मागं दबली, चाकानं माती धरली आणि गाडी खिंड चढून गेली. रोज चढायची तशीच चढली.